युरोपातील संशोधन निधीची दरी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: युरोपीय संघाचा संशोधन निधी सर्व सदस्य देशांना सारखाच खुला आहे, तर पूर्वेकडील देश मागे का पडतात? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

2014 ते 2020 या काळातील ‘होरायझन 2020’ या संघाच्या संशोधन निधी कार्यक्रमाचा आकार जवळपास 8,000 कोटी युरोंचा होता. 2004 पासून संघात आलेल्या, बहुतांश पूर्वेकडील अशा तेरा देशांत संघाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या राहत असूनही त्यांच्या पदरात त्यातील जेमतेम 5 टक्के पडले. निधी स्पर्धेतून मिळतो, आणि ही स्पर्धा प्रस्ताव लिहिण्याच्या कितीतरी आधी, भागीदार संस्थांची मोट बांधताना सुरू होते. तिथे जुन्या ओळखी कामी येतात. खर्चाचे तक्ते, कामाच्या तासांच्या नोंदी, लेखापरीक्षण यांसाठी मोठ्या पाश्चात्त्य विद्यापीठांत स्वतंत्र कार्यालय असते, तर लहान संस्थेत हा भार बहुधा संशोधकावरच येतो. त्यातच रुमानिया संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास खर्च करतो, तर स्वीडन तीन टक्क्यांहून अधिक. उणीव बुद्धीची नाही, घरच्या तयारीची आहे.

प्रश्न: मग देशनिहाय कोटा का ठेवत नाहीत? (एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

गुणवत्ता हाच निकष राहावा, असा संघाचा आग्रह आहे, आणि मला तो योग्य वाटतो. कोट्याऐवजी त्यानंतरच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमाच्या (2021 ते 2027) निधीतील सुमारे तीन टक्के रक्कम मागे पडलेल्या पंधरा देशांसाठी राखली आहे, त्यांत पोर्तुगाल आणि ग्रीसही आहेत, म्हणजे दरी केवळ पूर्व-पश्चिम अशी नाही. मागे पडलेल्या देशातील केंद्राची नामवंत संस्थेशी जोडी लावणाऱ्या ‘टीमिंग’ योजनेतून निकोसियाच्या सायप्रस विद्यापीठातील ‘किऑस’ हे केंद्र लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या साहाय्याने विस्तारले. पाणी, वीज आणि वाहतूक यांच्या जाळ्यांवर देखरेख ठेवण्याचे तंत्र हा त्याचा विषय असून सायप्रस सरकारनेही त्यासाठी पदरचे पैसे घातले. हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. टिकाऊ बदल मुख्यतः राष्ट्रीय सरकारांच्या प्रयत्नांवर अवलंबून राहील, असे संघाच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयानेही 2022 मध्ये बजावले. चालू प्रकल्पात या देशांतील नवा भागीदार घेण्याची ‘हॉप-ऑन’ सोय मात्र मला अर्धवट वाटते, कारण आराखडा ठरल्यावर आलेल्याच्या वाट्याला कडेचेच काम येण्याचा धोका असतो.

प्रश्न: भारतीय संशोधकाला यात काही वाव आहे का? (एक पीएचडीधारक, पुणे)

आहे. पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी संघ देत असलेल्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही. मात्र यजमान देशात अलीकडच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे. यजमान संस्था त्या पंधरा देशांपैकी एखाद्यात, उदाहरणार्थ एस्टोनियातील तार्तू येथे, असेल तर अर्ज भरतानाच ‘ईआरए फेलोशिप’चा (या पंधरा देशांतील यजमान संस्थांसाठीची वेगळी फेलोशिप) पर्याय निवडता येतो. मुख्य यादीत नाव न लागल्यास पात्र ठरलेल्या त्याच प्रस्तावाचा तिथे विचार होतो. त्यामुळे पॅरिस किंवा म्युनिकच्या रांगेत उभे राहण्याआधी प्राग, वॉर्सा आणि लुब्लियाना येथील आपल्या विषयाचे गट जरूर पाहावेत, आणि यजमान प्राध्यापकांना अंतिम मुदतीच्या बरेच महिने आधी लिहावे, कारण प्रस्ताव त्यांच्यासोबतच घडवावा लागतो.