न बघता लिहायचं नाही

अरे बाळा,

परवा पहाटे शिफ्ट सुटल्यावर गाडीत बसून तू जो फोन केलास तो अजून डोक्यातून जात नाहीये. तेव्हा नीट बोलता आलं नाही, मी झोपेत, आणि काकू शेजारी दचकून उठून "कोण गेलं, कोण गेलं" करत बसलेली. म्हणून लिहितोय. मराठी टाईप करायचा मला कंटाळा, चुका असतील त्या पोटात घाल.

तू दोन प्रश्नांची खिचडी केलीस. जेलमधली ही पहाऱ्याची नोकरी सोडू का हा एक, आणि तुझा तो सिनिअर सांगतो तशी राउंडची, म्हणजे दर अर्ध्या तासाने कोठड्या बघून आल्याच्या नोंदींची, शीट शिफ्ट चालू होतानाच भरून टाकू का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. महाराष्ट्र मंडळात सांगताना आईबाबांना लाज वाटते म्हणतोस, तर वाटू दे, माझ्या सासऱ्यांनी कितीतरी वर्षं पुण्यात सगळ्यांना "जावई अमेरिकेत सरकारी नोकरीत आहेत" एवढंच सांगितलं, काउंटी जेल, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या तुरुंगासारखा, हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र पक्कं आहे. न बघता लिहायचं नाही. तीनचा राउंड तीन वाजता, बघून, मग पेन.

आता तू म्हणशील काका, यात एवढं काय, सगळेच करतात. सगळेच करतात हे मला सांगू नकोस, मी बावीस वर्षं तिथे काढलीत.

तुझ्या पॉडमध्ये, म्हणजे तुझ्याकडच्या कोठड्यांच्या विभागात, कोण असतं ते बघ जरा. न्यू जर्सीत काउंटी जेलची शिक्षा जास्तीत जास्त ३६४ दिवसांची, त्याहून मोठी झाली की माणूस स्टेट प्रिझनला जातो. म्हणजे आपल्याकडे मुरलेले कैदी कमीच. देशभरच्या लोकल जेलमधे दहातल्या सात जणांवर अजून गुन्हा शाबितच झालेला नसतो. २०१७ च्या जानेवारीत जामिनाचा कायदा बदलला, त्याआधी पाचशे डॉलर नाहीत म्हणून महिनोन्महिने बसलेली माणसं मी सांभाळलीत, आता बहुतेकांचं ४८ तासांत ठरतं की सोडायचं की ठेवायचं. चांगलंच झालं. पण त्याचा अर्थ हाही आहे की तुझ्यासमोर जो येतो तो कालपर्यंत स्वतःच्या घरात होता, त्याच्या अंगात अजून दारू नाहीतर फेंटानिलसारखी नशा आहे, बायकोला फोन लागत नाहीये, कामावरून काढलंय का तेही माहीत नाही. दारूवाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरायला लागतो, घाम, भिंतीवर किडे दिसतात, आणि तो मरू शकतो रे, नुसती दारू सुटल्यामुळे मरू शकतो. आणि लोकल जेलमधल्या मृत्यूंची कारणं एकेक करून मोजली तर वर्षानुवर्षं सगळ्यात वर आत्महत्याच आहे. मारामारी नाही, सुरे नाहीत. अकॅडमीत आठवडेच्या आठवडे मारामारी शिकवतात.

म्हणून राउंड. मला सांग, तू राउंड कसा मारतोस? भिंतीवरच्या बटणाला कांडी लावत लावत शेवटापर्यंत जातोस आणि परत येतोस, बरोबर? त्या मशीनला एवढंच कळतं की कांडी लागली. तू खिडकीतून आत बघितलंस का ते त्याला कळत नाही. श्वास दिसला पाहिजे. पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला असेल तर टॉर्च तोंडावर मारायचा नाही, छतावर मारायचा, उजेड खाली पसरतो, मग छातीकडे बघत उभं राहायचं. वर-खाली झालं की पुढे. नाही दिसलं तर दारावर नखाने टकटक, पायाचं बोट जरी हललं तरी चालेल, आणि शिवी हासडली तर उत्तमच, शिवी देणारा माणूस जिवंत असतो. कोर्टातून परत आलेला, फोन आपटून आलेला, आणि अचानक फार शहाण्यासारखा वागायला लागलेला, आपली मॅगीसारखी सूपची पाकिटं शेजाऱ्याला वाटून टाकणारा, यांच्या दारापाशी दुप्पट वेळ. आणि अर्ध्या तासाचा राउंड म्हणजे घड्याळाच्या ठोक्याला नाही, कधी बाविसाव्या मिनिटाला, कधी अठ्ठाविसाव्या, कारण आतले कैदी पण घड्याळ लावून बसलेले असतात.

मॅनहॅटनच्या फेडरल जेलमधलं २०१९ च्या ऑगस्टमधलं प्रकरण आठवतंय ना, तो बडा धनाढ्य कैदी एपस्टाईन कोठडीत मेलेला सापडला ते. जगभर लोक अजून कटकारस्थानं शोधतायत. ज्यांची ड्यूटी होती ते दोघे त्याच्या कोठडीपासून काही पावलांवर टेबलाशी होते, रात्रभर गिनती झाली नाही, राउंड झाले नाहीत, आणि कागदावर सगळं झालेलं. खटला कशाचा भरला? खोट्या नोंदींचा. ओव्हरटाईमला जुंपलेली माणसं होती ती, तुझ्या-माझ्यासारखीच. लोक त्यांना हसतात तेव्हा मला हसू येत नाही.

कारण माझंही ऐक. हे मी काकूला सुद्धा अर्धंच सांगितलंय. २००८ चा जानेवारी, बर्फ पडत होता, पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही म्हणून मला मॅन्डेट केलं, म्हणजे सक्तीने थांबवलं, सोळावा तास चालू होता. पॉडमध्ये ६४ माणसं आणि मी एकटा. तीन आणि साडेतीन दोन्ही राउंड मी अडीचलाच लिहून ठेवले, "ऑल सिक्युअर", म्हणजे सगळं ठीक, आणि सही. तीन-चाळीसला नर्स गोळ्या घेऊन आली म्हणून तिच्याबरोबर उठलो, आणि खालच्या रांगेतल्या कोठडीत एकोणीस वर्षांचा पोरगा, चादर गळ्याला. मी त्याला धरून उचललं, तिने गाठ कापली. वाचला. श्वास परत आला तेव्हा आवाज येतो ना घशातून, तो मला अजून ऐकू येतो.

चौकशीत कुणी काही विचारलं नाही. कागद चोख होता, साडेतीनला राउंड, तीन-चाळीसला सापडला, म्हणजे दहा मिनिटांत सापडला, वा. मला जीव वाचवल्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. वॉर्डनशी हस्तांदोलन, फोटो. ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे, ना फ्रेम केली ना फाडलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. नुकतंच घर घेतलं होतं, मुलगी दोन वर्षांची, आणि एका माणसाला चौसष्ट जणांवर सोळा तास ठेवणारा मी नव्हतो ना, ते ठरवणारे घरी झोपले होते. शिवाय पोरगा वाचला. हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगतोय आणि त्यातलं काहीही खोटं नाहीये, तरी पण साडेतीनला मी गेलो असतो तर काय दिसलं असतं हे मला कळायला मार्ग नाही, कारण मी बघितलंच नाही. बघितलं नाही आणि लिहिलं. पुढची सगळी वर्षं मी या एका गोष्टीवरून लोकांशी भांडलो, दोन सार्जंट माझ्याशी बोलायचे बंद झाले, मला "प्रोफेसर" म्हणायचे. म्हणू देत.

माझे वडील मिरज लाईनवर गँगमन होते. पावसाळ्यात रात्रीची पेट्रोलिंग, हातात कंदील, रूळ बघत चालत जायचं आणि पुढच्या स्टेशनावर मास्तरची वहीत सही घ्यायची. ते कधी उपदेश वगैरे करणाऱ्यातले नव्हते. भिजून यायचे, वही मात्र प्लास्टिकमध्ये कोरडी.

बरं, आता उद्याचं. सिनिअरशी वाद घालू नकोस, सहा महिन्यांचा आहेस, तो तुला खाईल. त्याचं तो बघेल, तुझी शीट तू भर. कोरी शीट घे, एका वेळी एकच ओळ. उशीर झाला तर उशीर लिही: ३:०७, आणि बाजूला कारण, अमुक कोठडीत उलटी, नर्सला बोलावलं. उशिराच्या नोंदीवर ओरडा बसतो, नोकरी जात नाही. चूक झाली तर एकच सरळ रेघ मारून बाजूला आद्याक्षरं, व्हाईटनर हाताला लावायचा नाही. दोन पॉड एकट्याला दिले तर सुपरवायझरला रेडिओवर सांग की राउंड वेळेत होणार नाहीत. रेडिओवरच सांग, कारण ते रेकॉर्ड होतं. कॉरिडॉरमध्ये सांगितलेलं कुणालाच आठवत नाही, याचा अनुभव आहे मला. आणि तरीही कुणी भरलेली शीट पुढे करून सही मागितली तर सरळ म्हण, मी बघून येतो मग करतो. एवढंच. भाषण नको, तुला भाषणं द्यायची खोड आहे, बापावर गेलायस.

सोडायची तर सोड, मी नावं ठेवणार नाही. पण या शीटच्या भानगडीमुळे सोडतोयस असं असेल तर मला राग येईल, कारण मग ती शीट त्या सिनिअरसारखाच कुणीतरी भरेल.

टॉर्च कुठला दिलाय तुला? ते प्लास्टिकचे फुकट वाटतात ते छतापर्यंत पोचत नाहीत. माझा जुना गराजमध्ये आहे, रविवारी जेवायला ये तेव्हा घेऊन जा. सेल बदलावे लागतील.

तुझा
काका