आक्कांची शुगर ‘चांगली’ होती

खानापूरकडच्या एका खेड्यातल्या आक्का, वय ६७. मुलाबरोबर बेळगावला समुपदेशनाला आल्या त्या एकच प्रश्न घेऊन: “शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते म्हणतात. जेवण कमी केलं तर गोळ्या सुटतील काय?” सात महिने रात्रीचं जेवण बंद, दूधही बंद. वजन ५४ किलोवरून ४८. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं म्हणून घरात सगळे खूश.

दिवसाचा क्रम विचारल्यावर खरी गोम कळली. सकाळी आठला चहा, चतकोर भाकरी आणि दोन गोळ्या: मेटफॉर्मिन आणि २ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड. साडेअकराला हात थरथर, दरदरून घाम. मग डब्यातला कुंदा, खव्याची मिठाई. आणि कुंदा खाल्ला, पथ्य मोडलं, म्हणून दुपारचा भात वर्ज्य!

या दोन गोळ्यांची जातच वेगळी. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात सुटणारी साखर आवरते. एकटी असली तर सहसा साखर पाडत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात भाकरी असो वा नसो. नसली की साखर खाली घसरते; साडेअकराची थरथर तीच. किडनीचं म्हणाल तर मेटफॉर्मिन ती बिघडवत नाही. आधीच बिघडलेली असली, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ४५च्या खाली गेला, तर डोस कमी करतात. ३०च्या खाली गोळी बंद. गावात मात्र अर्थ उलटा लागतो: गोळी बंद केली, म्हणजे गोळीनंच किडनी घालवली.

गेलेल्या सहा किलोंत नुसती चरबी नव्हती. जेवणानंतरची साखर सगळ्यांत जास्त स्नायू ओढून घेतात, आणि झिजले होते तेच. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाचदा उठायला आक्कांना १९ सेकंद लागले; १५च्या वर गेलं की ताकद कमी समजायची.

गोळी बदलणं समुपदेशकाचं काम नव्हे, म्हणून चिठ्ठी देऊन त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ग्लिमेपिराइड थांबली, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर चालू राहिली. बी१२ जीवनसत्त्व कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर असं होऊ शकतं, त्यात आक्का शाकाहारी. बी१२ कमी झालं तरी पायाला मुंग्या येतात; सगळ्याच मुंग्या शुगरच्या नसतात.

रात्रीचं जेवण परत सुरू केलं. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट आमटी, मटकीची उसळ, दोन चमचे शेंगाची चटणी, वाटीभर दही. ताक नको, त्यात पाणीच फार. दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं व्हायला हवीत. आधी उसळ-भाजी, भात शेवटी. जेवल्यावर अंगणात १५ मिनिटं फेऱ्या, आणि सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठबस.

थरथर झालीच तर कुंदा नको. खव्यातल्या तुपामुळे साखर हळू चढते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी तपासायचं. साखर ७०च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच.

तीन महिन्यांनी वजन ५०, खुर्चीची उठबस १४ सेकंदांत, एचबीए१सी ६.९. सून घाबरली, “वाढली की!” या वयाला, बाकी तब्येत बरी असताना, ७ ते ७.५च्या आत असलं तरी पुरे, हे तिला दोनदा सांगावं लागलं. आक्कांना आता एकादशीच्या साबुदाण्याची काळजी आहे, आणि त्यावर अजून तडजोड झालेली नाही.