गाडी गेली पण हप्ता चालूच आहे, आता काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी एमआयडीसीत कामाला आहे. फायनान्सवर १२५ सीसीची मोटारसायकल घेऊन १४ महिने झाले, ऑनरोड १ लाख ३ हजार पडली, १९ हजार डाउनपेमेंट भरलं आणि ८४ हजार लोन, ३६ हप्ते, महिन्याला ३०३७ रुपये कापले जातात. मागच्या सोमवारी सेकंड शिफ्ट करून आलो, रूमच्या खाली हँडल लॉक करून गाडी लावली, सकाळी बघतो तर जागा मोकळी. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले, आधी आजूबाजूला बघा, कुणा मित्राने नेली असेल, दोन दिवसांनी या. मग मोबाइलवरून हरवल्याची ऑनलाइन नोंद केली, तो कागद आहे माझ्याकडे. फायनान्सवाले म्हणतात गाडी असो नसो, ५ तारखेला हप्ता पाहिजे. एजंट म्हणतो इन्शुरन्स आहे, काळजी करू नका. आज आठवा दिवस आहे. हप्ता थांबवला तर चालेल का? गाडीच नाही तर पैसे कशाचे भरायचे?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : भाऊ, हप्ता थांबवू नका. तुमचा प्रश्न अगदी खरा आहे आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, पण लोन तुमच्या नावावर आहे, गाडी फक्त तारण आहे, तारण चोरीला गेलं म्हणून कर्ज मिटत नाही. हप्ता बाऊन्स झाला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सचा वेगळा, सिबिल खराब होतं ते वेगळंच, आणि क्लेमचे पैसे येतील तेव्हा हे सगळे दंड त्यातूनच कापून घेतले जातील. म्हणजे नुकसान तुमचंच.

पण हप्त्याच्याही आधी एक काम आहे आणि ते आजच्या आज करायचं आहे. तुमच्याकडे जो कागद आहे ना, तो एफआयआर नाही. पोलिसांच्या साइटवर हरवलेल्या वस्तूंची जी नोंद होते ती मोबाइल, सिमकार्ड, मार्कशीट अशा गोष्टींसाठी आहे, तिच्यावर तपास होत नाही आणि इन्शुरन्स कंपनी तो कागद हातात घेऊन परत देते. मी १९ वर्षं मोटार क्लेमच्या टेबलावर काढली, हाच कागद घेऊन आलेली माणसं मी कितीतरी पाहिलीत, मनाने अगदी निर्धास्त असायची की आपण तक्रार केली आहे, आणि त्यांना हे सांगताना माझ्याच पोटात खड्डा पडायचा.

तर आज पोलीस स्टेशनला जा आणि चोरीचा गुन्हा नोंदवा म्हणा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम ३०३(२) चोरीचं, पूर्वीच्या आयपीसीत ३७९ म्हणायचे तेच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. टाळाटाळ झाली तर वाद घालू नका, सगळी हकिकत लिहून तो अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, तशी सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपास आणि कोर्टाच्या कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(४) मध्ये केलेली आहे, तिथेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. जबाब देताना एक वाक्य न विसरता लिहायला लावा, की मी अमुक तारखेला सकाळीच इथे आलो होतो आणि मला दोन दिवसांनी यायला सांगितलं. ऑनलाइन नोंदीचा नंबरही त्यात येऊ द्या. उद्या कंपनीने उशीर का झाला विचारलं तर तुमच्या बाजूने बोलणारं हेच एक वाक्य असेल. आणि रूमच्या आसपास कुणाच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर आजच जाऊन विनंती करा, जुनं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं.

इन्शुरन्सचं म्हणाल तर एजंटच्या "काळजी करू नका"वर थांबू नका. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर क्लेम नोंदवा, क्लेम नंबर लिहून घ्या, त्याच दिवशी ई-मेल करा आणि जमलं तर ऑफिसात कागद देऊन पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या झेरॉक्सवर त्यांचा शिक्का, तारीख आणि सही. माझ्या धाकट्या दिराची गाडी आठवडी बाजारातून गेली होती, त्याने एफआयआर त्याच संध्याकाळी केला पण कंपनीला कळवलं १९ दिवसांनी आणि तेही फक्त फोनवर. क्लेम नाकारला. ग्राहक आयोगात गेलो, तिथे २४ जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा गुरशिंदर सिंग प्रकरणातला निकाल कामी आला, एफआयआर वेळेवर असेल आणि चोरी खरी असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही असं त्यात तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलंय. पैसे मिळाले, पण त्या सगळ्या काळात तो ६ किलोमीटर चालत कामावर जायचा आणि हप्ताही भरायचा, हे मी घरात बसून पाहिलंय. म्हणून एवढं कळकळीने सांगते. आणि नीट बघा, तो निकाल एफआयआर वेळेवर असलेल्यांसाठी आहे, तुमचे आठ दिवस गेलेत, नववा घालवू नका.

आता चाव्या. शोरूमने दोन दिल्या होत्या, दोन्ही द्याव्या लागतात. एक घरात देवघराच्या खणात नाहीतर पिठाच्या डब्यामागे कुठेतरी असते, ती आत्ता शोधून ठेवा. तपासनीस येतो तेव्हा दोन्ही चाव्या हातावर शेजारी शेजारी ठेवून बघतो, रोजच्या वापरातली कडेला घासून गुळगुळीत झालेली असते, दुसरी कोरी करकरीत, दातांवर नवीन कापल्याच्या खुणा आहेत का तेही बघतो. एक खरंच हरवली असेल तर खरं सांगा, कधी आणि कुठे हरवली त्याचं प्रतिज्ञापत्र करा. बाजारातून नवीन बनवून ती जुनीच म्हणून देऊ नका, दोन मिनिटांत ओळखू येतं आणि मग बाकी सगळं खरं असलं तरी तुमच्यावरचा विश्वास जातो.

यानंतरचा टप्पा सगळ्यात लांबतो. गाडी सापडत नाही असं पोलिसांना वाटलं की ते कोर्टात अहवाल देतात, गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, याला 'अ' समरी म्हणतात, हवालदार बोलताना ए फायनल म्हणतील. कोर्टाने ती मंजूर केली की नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची प्रत काढायची, कंपनीला ती लागते. साधारण तीन महिने तरी धरून चला, बऱ्याचदा जास्तच लागतात. स्वतःहून पोलीस स्टेशनला चक्कर मारत राहा, तपास अंमलदाराचं नाव आणि बक्कल नंबर लिहून ठेवा, त्यांच्याकडे कामाचा डोंगर असतो आणि ज्याचा माणूस येऊन विचारतो ती फाइल पुढे सरकते, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

पैशांचा हिशोबही आत्ताच डोक्यात पक्का करा म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. ऑनरोडचे १ लाख ३ हजार कुणी परत देत नाही. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून आकडा असतो, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तो शोरूम किमतीवरून काढतात, आरटीओचा टॅक्स, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज त्यात नसतात, आणि एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा लावतात. तुमची शोरूम किंमत ८४ हजार असेल तर आयडीव्ही ६७ हजारांच्या आसपास. तुमच्या हप्त्यावरून मी व्याज साधारण १८ टक्के धरलं, तर १४ हप्ते भरून अजून ५६-५७ हजार मुद्दल बाकी आहे. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा चढवलेला आहे त्यामुळे आधी त्यांची बाकी जाते, उरलेले दहा-बारा हजार तुमचे. मधल्या काळात जे हप्ते भराल त्याने बाकी कमी होईल, तेवढी तुमच्या हातात येणारी रक्कम वाढेल, म्हणजे हप्ता वाया जात नाही. उलट आयडीव्हीपेक्षा बाकी जास्त असती तर वरचा फरक तुम्हालाच भरावा लागला असता. फायनान्सला आजच एफआयआरची प्रत आणि क्लेम नंबर जोडून लेखी कळवा, बाकी किती त्याचं स्टेटमेंट मागा, पोच घ्या. फोनवर बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटी इन्शुरन्स कंपनी आरटीओच्या फॉर्म २८, २९, ३० आणि ३५ वर, म्हणजे ना हरकत, मालकी बदल आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्मवर, सह्या मागेल, स्टॅम्प पेपरवर हमीपत्रही घेईल. सह्या द्याव्या लागतात, पण कोऱ्या फॉर्मवर नको, गाडी नंबर आणि चेसिस नंबर भरून मगच सही करा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

क्लेम नाकारला किंवा तक्रार करूनही महिनाभर उत्तरच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, मात्र नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जायचं.

प्रश्न : ताई, आमची गाडी २०२३ ची, पॉलिसीवर २०२८ पर्यंतची तारीख आहे. मिस्टर दवाखान्यात गेले असताना बाहेरून गाडी गेली, एफआयआर त्याच दिवशी केला. आता इन्शुरन्स कंपनी म्हणते चोरीचा विमा संपलाय. असं कसं होईल? आणि वसुलीवाले रात्री ९ वाजता दारात येऊन शेजाऱ्यांसमोर बोलतात.
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, वाईट वाटतंय पण खोटी आशा देत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तुमची २०२८ ही तारीख त्याची. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही झालं तर. आपली गाडी चोरीला गेली तर त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो आणि तो बहुतेक वेळा एकच वर्षाचा असतो, दरवर्षी भरावा लागतो. दोन्ही तारखा एकाच कागदावर एकाखाली एक छापलेल्या असतात आणि शोरूममध्ये पेढे देताना हे कुणी समजावून सांगत नाही, याचा मला फार राग आहे. तरी पॉलिसीचं पहिलं पान काढा, स्वतःच्या नुकसानीच्या ओळीसमोरची तारीख स्वतः बघा. तारीख खरंच उलटली असेल तर क्लेम होणार नाही.

मग विषय फायनान्सशी उरतो. एफआयआर जोडून अर्ज करा, हप्ता छोटा करून मुदत वाढवून मागा, दंड माफ करायला सांगा, अडचण खरी असेल तर पुष्कळ ठिकाणी ऐकतात. "सेटलमेंट करून टाका, अर्धे भरा" असं कुणी म्हणालं तर घाईत हो म्हणू नका, सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढे मुलांच्या शिक्षणाचं किंवा घराचं लोन मागताना तो शेरा आडवा येतो. वसुलीवाल्यांचं सांगते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोनसुद्धा करायचा नाही, अपमान करायचा नाही, धमकी द्यायची नाही. तारीख, वेळ, आलेल्या माणसाचं नाव लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. तुम्ही कर्ज बुडवलेलं नाही, तुमची गाडी चोरीला गेली आहे, दारात मान खाली घालून उभं राहायचं काही कारण नाही.

प्रश्न : चोरीला गेलेल्या गाडीचं चलान माझ्या मोबाइलवर आलं, विदाउट हेल्मेट. भरून टाकू का?
— एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : भरू नका आणि मेसेज डिलीटही करू नका! चलानमध्ये जागा, वेळ आणि बहुतेक वेळा फोटो असतो, तो प्रिंट काढून आजच तपास अंमलदाराला द्या, गाडी कुठल्या रस्त्याने फिरतेय ते त्यांना कळेल. एफआयआरची प्रत जोडून ट्रॅफिक शाखेला चलान रद्द करायचा अर्ज द्या आणि आरटीओलाही लेखी कळवा म्हणजे त्या नंबरवर ट्रान्सफर वगैरे काही करता येणार नाही.

प्रश्न : दोन महिन्यांनी गाडी सापडली पण बॅटरी नाही, आरसे नाहीत, सायलेन्सर नाही. पोलीस स्टेशनच्या आवारात पावसात उभी आहे. क्लेमचे पैसे अजून मिळालेले नाहीत. घरी कशी आणू?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : गाडी आता मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यातला पुरावा आहे, ती कोर्टाच्या आदेशाने सुटते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या अटीवर, गाडी मिळावी असा अर्ज करा, आरसी, पॉलिसी, ओळखपत्र जोडा, फायनान्सचं ना हरकत पत्र आधीच घेऊन ठेवा. गाड्या पोलीस स्टेशनमध्ये सडत ठेवू नयेत, लवकर मालकाला द्याव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय, अर्जात त्याचा उल्लेख करा. बंधपत्र लिहून द्यावं लागतं, खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही.

ताब्यात घेताना इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा, खरवडलेले असतील तर पंचनाम्यात नोंद करून घ्या. आणि गॅरेजला टाकायच्या आधी इन्शुरन्स कंपनीला कळवा, पैसे अजून मिळालेले नाहीत म्हणजे गाडी तुमचीच आहे, चोरीचा क्लेम आता मागे पडला तरी गेलेल्या पार्टचा आणि मोडतोडीचा क्लेम त्याच पॉलिसीत करता येतो. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत तिला तशीच राहू द्या, साधा आरसासुद्धा बसवू नका.