अकरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी

मुले मोठी झाली, पुन्हा नोकरी करावीशी वाटते, पण आत्मविश्वासच उरलेला नाही, अशी तक्रार घेऊन चाळिशीतल्या अनेक स्त्रिया माझ्याकडे येतात. या तक्रारीत बहुधा दोन वेगळ्या अडचणी एकत्र झालेल्या असतात आणि त्या सुट्या केल्याखेरीज कोणताही धीर उपयोगी पडत नाही, असा माझा अनुभव आहे. नाशिकच्या एका वाणिज्य पदवीधर बाईंचे उदाहरण, त्यांच्या संमतीने व ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

त्या एका कारखान्याच्या लेखा विभागात होत्या. २०१३ साली, दुसऱ्या बाळंतपणानंतर, त्यांनी नोकरी सोडली. अकरा वर्षांनी एका मुलाखतीत त्यांना जीएसटीविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांना उत्तर देता आले नाही. "मला आता काहीच येत नाही," असे त्यांनी मला सांगितले. ते खरे नव्हते. व्हॅट आणि अबकारी कराची विवरणपत्रे त्यांनी वर्षानुवर्षे भरली होती. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि त्यांना ठाऊक असलेली ती पद्धत मागे पडली, इतकेच. जमा-नावेचे नियम तेच राहिले आहेत, बँकेच्या खात्याशी हिशेब जुळवणेही तेच आहे. खरेदीची बिले जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या, विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या विवरणाशी पडताळण्याचे काम तर, जुळवणीची सवय असलेल्या माणसाला, थोड्या सरावाने येते. ओळखीच्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काही आठवडे खरी बिले हाताळल्यावर त्यांची ही अडचण बरीचशी दूर झाली.

तरीही त्या अर्ज करीनात. तेव्हा मी त्यांना एका आठवड्याची घरातली सर्व कामे, वेळ आणि करणाऱ्याच्या नावासह, लिहून आणायला सांगितले. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेतल्या प्रत्येक ओळीपुढे त्यांचेच नाव होते: धाकट्याला क्लासहून आणणे, सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचा अभ्यास, स्वयंपाक. पुढच्या भेटीला मी त्यांच्या यजमानांनाही बोलावले. ते सज्जन गृहस्थ आहेत. "तिने नोकरी करायला माझी काहीच हरकत नाही," असे ते मनापासून म्हणाले. मात्र मुलाचा क्लास किती वाजता सुटतो, हे त्यांना सांगता आले नाही. हरकत नसणाऱ्या नवऱ्यांची मला थोडी धास्तीच वाटते, कारण परवानगी दिली की आपला वाटा संपला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

या यजमानांनी एक हिशेबही मांडला: रिक्षा, पोळीभाजी केंद्रातल्या पोळ्या आणि मुलाची वाढीव शिकवणी पत्नीच्या पगारातून वजा केली, तर हाती फारसे काही उरत नाही. हा हिशेब अनेक घरांत मांडला जातो आणि तो मुळातच चुकतो. मुले व घर दोघांचे असताना त्यांवरचा खर्च एकट्या आईच्या पगारातून का वजा करायचा? शिवाय पहिल्या वर्षाचा पगार कायम तेवढाच राहत नाही. आपण लेखा विभागात काम केले आहे, याची आठवण बाईंना बहुधा तेव्हा झाली. त्यांनी वही ओढून घेतली आणि तोच हिशेब घराच्या एकूण उत्पन्नातून पुन्हा मांडला.

अर्जात त्यांनी अकरा वर्षांच्या खंडाविषयी एकच सरळ वाक्य लिहिले. मुलाखतीत घरी मुलांना कोण पाहते, हा प्रश्न आलाच, पण आता त्याला ठरलेले उत्तर होते. सध्या त्या एका लेखापालांकडे अकरा ते पाच काम करतात. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायची मुदत वीस तारखेची असल्याने त्याआधीचे दोन-तीन दिवस उशीर होतो, आणि त्या दिवसांत क्लासहून मुलाला यजमान आणतात.

सासूबाईंना मात्र विकतच्या पोळ्या अजून मान्य नाहीत. त्यांच्यापुरत्या दोन पोळ्या हल्ली नववीतली नात लाटते, असे बाईंनी गेल्या भेटीत कौतुकाने सांगितले. हे काम नातवाकडे का गेले नाही, हा प्रश्न मी पुढच्या भेटीसाठी लिहून ठेवला आहे.