डोळ्यांदेखत खाल्लं का?

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री दुकान बंद करताना वाचला. इग्वानाचं, त्या परदेशी सरड्याचं, पिल्लू गेल्याचं वाईट वाटलं. त्याहून जास्त लागलं ते तुझं शेवटचं वाक्य : ‘काका, एवढं शिकून मी फसलोच कसा?’ आणि त्याच्याच खाली विचारतोस, तो विकणारा माणूस अर्ध्या पैशांत दुसरं पिल्लू द्यायला तयार आहे, घेऊ का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. एक रुपयासुद्धा पाठवू नकोस. पहिल्याला वेळ लागेल, म्हणून पत्र लिहायला बसलो.

पैसे पाठवायच्या आधी तू मला दुकानात येऊन पिल्लाचा व्हिडिओ दाखवला होतास. मी एकच विचारलं होतं : डोळ्यांदेखत खाल्लं का? तू म्हणालास, ‘काका, बघा तरी किती शांत आहे.’ तो व्हिडिओ आज पुन्हा काढून बघितला. पिल्लू एका लहान मुलाच्या तळहातावर पालथं पडलंय. मागचे पाय लोंबतायत, शेपूट सरळ खाली. कुणीतरी पाठीवरून बोट फिरवतं, ते हलत नाही. डोळे मिटत चाललेत. मांड्या टपोऱ्या. जबडा किंचित वर वळलेला, हसल्यासारखा. तुला त्यात शांत, गुटगुटीत, हसरं पिल्लू दिसलं.

निरोगी इग्वानाचं पिल्लू अनोळखी हातावर असं पडून राहत नाही रे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे जनावर; तिथे त्याची पिल्लं पक्ष्यांचं, सापांचं खाणं होतात. हात जवळ आला की ते पळतं, शेपटीचा फटकारा मारतं, चावायला बघतं. जे हलत नाही ते गारठलेलं असतं, नाहीतर अशक्त झालेलं. टपोऱ्या मांड्यांचं तर आणखी वाईट. खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही आणि अंगावर ऊन पडलं नाही की हाडांतला चुना निघून जातो, आणि त्या जागी शरीर नुसता तंतूंचा भरणा करतं. मांडी जाड दिसते, आत हाड राहिलेलं नसतं. जबडाही मऊ पडून आखूड होतो, म्हणून ते हसल्यासारखं दिसतं. तुला त्या पिल्लात जे जे आवडलं, तो सगळा आजार होता.

इथेच बहुतेक लोक फसतात. आपली नजर कुत्र्या-मांजरांवर, गाई-गुरांवर तयार झालेली. शांत म्हणजे गुणी, भरलेलं म्हणजे धष्टपुष्ट. तीच नजर सरपटणाऱ्या जनावराला लावली की ढिगातलं सगळ्यात आजारी पिल्लू सगळ्यात गोंडस वाटतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो पळणाऱ्या पिल्लाचा व्हिडिओ टाकत नाही. तुझ्या डिग्रीचा याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टर माणसं यात फसलेली मी बघितली आहेत.

म्हणून मी खाणं विचारतो. इग्वाना पाला खाणारा. पाला पचवायला त्याला चांगली ऊब लागते, ऊन खायच्या जागी ३५ अंशांच्या आसपास. गारठलेलं, पोटात जंत झालेलं, तोंड आतून सडलेलं पिल्लू पाल्याकडे बघतसुद्धा नाही. तेव्हा त्याच्यापुढे शेवग्याचा पाला, जास्वंदीचं फूल ठेवायला सांगायचं, खुर्ची ओढून बसायचं आणि बघायचं. ‘आत्ताच खाल्लंय’ म्हणाला तर उद्या पुन्हा जायचं. ‘प्रवासाने घाबरलंय’ म्हणाला तर आठवड्याने जायचं. ‘दुसरं गिऱ्हाईक उद्या घेऊन जाईल’ म्हणाला तर घेऊन जाऊ दे. साप असेल तर तो खायच्या दिवशी मला बोलवा म्हणायचं. डोळ्यांदेखत खाल्लं, तर पुढचं बोलणं. नाही खाल्लं, तर भाव, फोटो, मॉर्फची म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकारांची नावं, काही ऐकायचं नाही.

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गाय घेणारा माणूस बघितलायस ना? दात बघतो, चार पावलं चालवतो, समोर धार काढायला लावतो आणि मगच रुमालाखाली हात घालून भावाची बोटं धरतो. त्याच्या समोरचा व्यापारी काही देवमाणूस नसतो. तरी तो सहसा फसत नाही, कारण त्याला घाई नसते आणि भीडही नसते. तुमच्या पिढीला दोन्ही आहेत. तो माणूस तुला ‘सर, सर’ करत होता, तू त्याला ‘खाताना दाखवा’ म्हणायला संकोचलास.

आता जे तुझी झोप उडवतंय त्याबद्दल. ‘माझ्याच हातून मेलं का?’ विकणाऱ्यानेच तुझ्या डोक्यात हे भरवलंय, उन्हाऐवजी लावायचा दिवा बरोबर लावला नाही म्हणून. हा सगळा धंदा या जनावरांच्या संथपणावर चालतो. मासा आजारी असेल तर दोन-तीन दिवसांत कळतं आणि गिऱ्हाईक पिशवी घेऊन माझ्या काउंटरवर भांडायला येतं. सरपटणारं जनावर उपाशीपोटी कितीतरी आठवडे काढतं, अजगरासारखा साप महिने काढतो. शिवाय आजार लपवायचा त्यांचा स्वभाव. जंगलात दुबळं दिसलं की कुणीतरी उचलतं. ‘पोचेपर्यंत जिवंत’ एवढीच त्याची गॅरंटी. ट्रॅव्हल्सच्या पार्सलमधून डबा उघडला, पिल्लाने डोळा उघडला, गॅरंटी संपली. मग तीन आठवड्यांनी मेलं की खापर तुझ्यावर.

काचेच्या खिडकीशी ठेवून ऊन मिळत नाही हे खरं, हाडांना लागणारे किरण काच अडवते. हे तुला माहीत असायला हवं होतं. गच्चीवर काचेच्या पेटीत ठेवलं नाहीस हे बरं केलंस, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ते तिथेच भाजलं असतं. पण हाडं अशी व्हायला महिने लागतात, तीन आठवडे पुरत नाहीत. ती तुझ्याकडे येण्याआधीच गेली होती. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. तसंच आहे.

आणि आता सांग, तू तक्रार का केली नाहीस? पोलिसांत नाही, ग्राहक आयोगाकडे नाही, आईलासुद्धा अर्धंच सांगितलंस. कारण कागद नव्हता. इग्वाना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि साइट्सच्या यादीतली अशी परदेशी जनावरं आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले : असं जनावर घरात असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची. ज्याच्याकडे खरी नोंद आहे त्याला ते जनावर रीतसर तुझ्या नावावर करून द्यायला काय अडचण आहे? या माणसाने तुला कसल्याशा कागदाचा फोटो पाठवला. तो त्याच पिल्लाचा कशावरून, हे तू विचारलंच नाहीस. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत साप, सरडे, कासवं कोंबलेली सापडल्याच्या बातम्या चेन्नईच्या, मुंबईच्या विमानतळावरून सारख्या येतात. जी सापडत नाहीत ती कुठे जातात? मुंबई–चेन्नई रेल्वे आणि पुणे–हैदराबाद रस्ता, दोन्ही आपल्या गावातून जातात. विकणाऱ्याला खरी हमी इथे मिळते : फसलेला माणूस गप्प बसणार, कारण बोलला तर आधी त्यालाच विचारणार.

स्टार कासव, मांडूळ, घोरपड मागणाऱ्यांना मी या पत्रात धरत नाही. ही आपल्या मातीतली जनावरं, घरात ठेवणं हाच गुन्हा. वास्तूला शुभ म्हणून कासव आणि पैशांचा पाऊस पाडतं म्हणून वजनावर मांडूळ मागणारा माणूस फसला तर मला त्याची कीव येत नाही.

पण तुझी येते, आणि रागही येतो. तू लिहिलंयस, ‘दुसऱ्या पिल्लाचा फोटोही तसाच वाटतो, निदान ते तरी मी वाचवीन.’ अरे, तुझे पैसे पोचले की रिकाम्या झालेल्या डब्यात तो तिसरं आणून ठेवणार. तुझ्या दयेवर त्याचा पुढचा माल येतो. असं दयेपोटी घेतलेलं जनावर वाचलं, असं माझ्या बघण्यात फार कमी आहे. डोळ्यांदेखत खाल्लं का, हे मी याचसाठी म्हणतो. जे खात नाही ते विकलं जात नाही असं त्याला एकदा कळलं, तरच तो त्यांना खायला घालील.

माझ्याबद्दल तू नव्या पेठेत ऐकलं असशील. तुसडा आहे, गिऱ्हाइकाला परत पाठवतो. हो, पाठवतो. लाल कानाच्या कासवाचं रुपयाएवढं पिल्लू ‘एवढंच राहतं’ म्हणून विकतात. मादी फूटभर होते, तीस वर्षं जगते. घरात मावेना की लोक तलावात सोडतात, आणि आक्रमक परक्या जातींच्या जगातल्या पहिल्या शंभरांच्या यादीत त्याचं नाव आहे. माझा मुलगा म्हणायचा, बाबा, सगळे ठेवतात, आपणही ठेवू, त्यावर दुकान चालेल. मी ठेवलं नाही. त्याने पुण्यात नोकरी धरली. माझ्यामागे हे दुकान कुणी उघडणार नाही आणि त्याचं मला रोज वाईट वाटतं. तरी ‘एवढंच राहतं’ हे वाक्य मला दिवसातून दहादा बोलावं लागलं असतं, ते माझ्याने झालं नसतं. लोक म्हणतात, नुसतं नाही म्हणण्यापेक्षा समजवायचं होतं. समजावलं. घसा बसेपर्यंत समजावलं. ज्यांना शेजारच्या गल्लीत मिळत होतं ते गेले.

पुढे कधी पाळावंसं वाटलंच तर उलट्या क्रमाने जा. आधी सरपटणाऱ्यांवर हात बसलेला डॉक्टर शोध. आपल्याकडे गुरांचे आणि कुत्र्यांचे आहेत, हा शोधावा लागेल. मग पूर्ण वाढलेल्या जनावराला पुरेल अशी जागा बघ, इग्वाना शेपटीसकट पाच फुटांच्या वर जातो. मग दिवा, मग नोंदणीचा कागद. जनावर सगळ्यात शेवटी, आणि तेही खाताना बघून.

आत्ता करायचं ते एवढं. त्याच्याशी झालेलं बोलणं पुसू नकोस. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, पार्सलची पावती, पिल्लाचे फोटो एका जागी ठेव. आईला पूर्ण सांग. हॉस्टेलवरच्या ज्या मित्राला तू या माणसाचा नंबर दिलास त्याला आजच फोन कर, उद्यावर टाकू नकोस. त्याने आगाऊ रक्कम दिली असेल तर उरलेली थांबव. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याशी बोलून घेतो, मग आपण वन विभागाच्या ऑफिसात जाऊ. नोंदणी नव्हती हे तू आपणहून सांगायचंस, मी शेजारी असेन. सोमवारी माझं दुकान बंद असतं. सकाळी दहाच्या आत ये, आणि पावतीची झेरॉक्स काढून आण.

तुझा,
काका