कॉफीच्या मळ्यावर योगशिबिर: होकार देण्याआधी मळ्याचं वेळापत्रक बघ

प्रश्न: मी 24 वर्षांची, अमरावतीची. बीएस्सीनंतर 200 तासांचा योगशिक्षक अभ्यासक्रम केला. दीड वर्षापासून दोन सोसायट्यांमध्ये सकाळचे वर्ग घेते. कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या एका सेंद्रिय कॉफी मळ्याच्या मालकांनी डिसेंबरमध्ये 4 दिवसांचं निवासी योगशिबिर घ्यायला बोलावलं आहे. 12 जण येतील, माझं राहणं-जेवण त्यांच्याकडे आणि 'नफ्यातला वाटा' मला, असं ते म्हणतात. आईला काळजी वाटते. मला जायचं आहे. पण यातून करिअर उभं राहतं का?

उत्तर: संधी चांगली आहे, पण आत्ता तुझ्यासमोर आहे त्या स्वरूपात ती घेऊ नकोस. आसनं शिकवणं तुला येतंच. निवासी शिबिरात त्याखेरीज जागा, ऋतू, पाहुण्यांची तब्येत आणि पैसे ही चार कामं अंगावर पडतात, आणि शिबिरं फसतात ती बहुतेक याच चारांत.

आधी ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुंदर असते, म्हणून सगळ्यांना शिबिर तेव्हाच हवं असतं. पण अरेबिका कॉफीच्या तोडणीचा हंगामही तोच. मालक तुला जे मोठं सिमेंटचं अंगण फोटोत दाखवतील, त्यावर डिसेंबरमध्ये कॉफी वाळत पडलेली असणार. दिवसभर तोडलेली फळं दुपारनंतर पल्परमध्ये, म्हणजे फळांची साल काढणाऱ्या यंत्रात जातात. त्याचा आवाज रात्रीपर्यंत चालू राहतो, आणि आंबवणाच्या टाक्यांचा वास वेगळाच. तुझी संध्याकाळची योगनिद्रा पल्परच्या शेजारी ठेवली तर एकही माणूस शांत पडून राहणार नाही. म्हणून मालकांना थेट विचार: हंगामात वर्गासाठी नेमकी कोणती जागा मिळणार? एका चटईला हातपाय पसरून 7 फूट बाय 4 फूट जागा लागते. 12 जणांचे 336 चौरस फूट होतात. तुझी जागा आणि ये-जा धरून 450 चौरस फूट तरी हवेत, वर छप्पर हवं. उघड्यावर पहाटेचं दव चटई ओली करतं आणि पाय घसरतो. सिमेंटवर पातळ चटई असेल तर दुसऱ्या दिवशी गुडघे आणि मनगटं बोलायला लागतात. खाली सतरंजी किंवा जाड चटई मागून घे.

मार्च-एप्रिलमध्ये पहिला वळीव पडला की आठ-दहा दिवसांत मळा पांढऱ्या फुलांनी भरतो. पण फुलोरा तीन-चार दिवसच टिकतो आणि पाऊस तारीख सांगून येत नाही. तेव्हा जाहिरातीत फुलांचं आश्वासन कधीही देऊ नकोस. जून ते सप्टेंबर मलनाडात, म्हणजे तिथल्या डोंगराळ पट्ट्यात धो धो पाऊस, जळवा, वीज जाणं, रस्ते खचणं. म्हणजे वर्षातले भरवशाचे महिने पाच-सहाच, आणि त्यातही महिन्याला दोनपेक्षा जास्त शिबिरं एकटीला झेपत नाहीत. तुझ्या करिअरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: शिबिरं हा उत्पन्नाचा एक भाग होऊ शकतो, सगळं उत्पन्न नाही. सोसायटीतले वर्ग सोडू नकोस.

आता पैसे. 'नफ्यातला वाटा' हे शब्द ऐकले की खर्चाची यादी माग. नमुन्याचा हिशेब करून बघ. माणशी शुल्क 14,000 रुपये, त्यातले 3 रात्रींच्या राहण्या-जेवणाचे 7,500 मळ्याकडे गेले, तर उरतात 6,500. जाहिरात 8,000, सहायिकेचं मानधन 6,000, दोघींचा प्रवास 6,000, साहित्य आणि प्रथमोपचार 5,000 असे 25,000 रुपये ठरलेला खर्च धर. 12 जण आले तर 53,000 उरतात, 6 आले तर 14,000, आणि 4 आले तर फक्त 1,000. आयत्या वेळी माणसं गळतात, आणि ती जोखीम मळ्याच्या मालकांनी तुझ्यावर टाकलेली आहे. मळ्याला खोल्यांचे पैसे प्रत्येक माणसामागे मिळतातच. तेव्हा दिवसाचं ठरावीक मानधन माग, आणि सहाच्या वरच्या प्रत्येक माणसामागे वाटा. निम्मी रक्कम आगाऊ. पाहुण्याने रद्द केलं तर पैसे किती परत आणि कोण देणार, हेही लिहून घे.

'सेंद्रिय' या शब्दाची खात्री करणं ही तुझीही जबाबदारी आहे, कारण जाहिरातीवर तुझं नाव असणार. कॉफीसारख्या बहुवर्षायू पिकाला एनपीओपी (देशाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणपत्रासाठी 3 वर्षांचा रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याचा काळ पाळावा लागतो. चालू वर्षाचं प्रमाणपत्र बघायला माग. मळा अजून रूपांतरणात असेल तर तसंच लिही, त्यात कमीपणा नाही. सेंद्रिय पद्धतीनं अरेबिका टिकवणं कष्टाचं काम आहे. खोडकिडा लागलेली झाडं हुडकून मुळासकट काढावी लागतात, सावलीची झाडं राखावी लागतात. पाहुण्यांना हे मालकांच्या किंवा मुकादमाच्या तोंडून ऐकू दे. आणि एक विनंती: फळं तोडायचा अनुभव द्यायचा असेल तर त्यासाठी झाडांची वेगळी ओळ मागून घे. तोडणीची मजुरी बऱ्याच ठिकाणी किलोवर मिळते. काम करणाऱ्या बायांच्या ओळीत फोटो काढत उभं राहणं म्हणजे त्यांच्या मजुरीला हात घालणं.

दिनक्रम आखताना कॉफीचाच विचार सगळ्यात जास्त करावा लागतो. लोक कॉफीसाठी आलेले असतात. रिकाम्या पोटी काळी कॉफी पिऊन सूर्यनमस्कार आणि अधोमुख श्वानासन केलं की आंबट ढेकर आणि मळमळ ठरलेली. पण कॉफी पूर्ण बंद केलीस तर रोज पिणाऱ्यांचं डोकं दुसऱ्या दिवशी ठणकतं आणि ते तुझ्या प्राणायामाला दोष देतात. उठल्यावर कोमट पाणी, ज्यांना लागतेच त्यांना अर्धा कप वर्गाच्या 45 मिनिटं आधी, 7 ते 8.15 आसनं, साडेआठला नाश्ता आणि त्याबरोबर पोटभर कॉफी, हा क्रम चालतो. वेगवेगळ्या कॉफींची चव घेण्याचं सत्र ठेवलंस तर ते दुपारी 2 च्या आत संपव. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण 5 तास लागतात. संध्याकाळी सहाला चव घेतलेली मंडळी रात्री जागी राहतात आणि सकाळी वर्गाला येत नाहीत. चव घेण्याचं प्रचलित प्रमाण 150 मिलिलिटर पाण्याला 8.25 ग्रॅम भरड कॉफी, पाणी उकळीच्या किंचित खाली, 4 मिनिटांनी वरची साय चमच्यानं फोडायची. हे नीट शिकायचं असेल तर कॉफी बोर्डाचं बेंगळुरूला 'कापी शास्त्र' नावाचं छोटं प्रशिक्षण असतं. शिबिर घेणाऱ्या योगशिक्षिकेला ते नक्की उपयोगी पडेल.

पैसे घेण्याआधी प्रत्येकाकडून आरोग्याचा फॉर्म भरून घे: रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, सहा महिन्यांतली शस्त्रक्रिया, गरोदरपण, काचबिंदू किंवा नेत्रपटलाचा त्रास, मणक्याचा त्रास, फिट्स, दमा, चालू औषधं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया आणि गरोदरपण यांत कपालभाती नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नाहीत, अधोमुख श्वानासनही नाही. शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन आतडी साफ करणं) 4 दिवसांच्या शिबिरात घेऊच नकोस. जलनेती (मिठाच्या पाण्यानं नाक धुणं) घेतलीस तर मळ्यावरचं झऱ्याचं किंवा बोअरचं पाणी तसंच वापरू नकोस. उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट छोट्या चमच्याहून किंचित कमी. मीठ कमी पडलं तरी नाक जळतं, जास्त झालं तरी जळतं.

आईची काळजी रास्त आहे आणि तिचं उत्तर तपशिलात आहे. आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली, सोबत सहायिका, रात्री मळ्यावर चालकासह गाडी, फोनला रेंज नसेल तर वायफायवरून कॉल होतो का, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का. आधी तिथे शिकवून गेलेल्या दोघींशी तरी फोनवर बोल. मुडिगेरे, सकलेशपूर आणि कोडगूच्या पट्ट्यात हत्ती मळ्यांत उतरतात, म्हणून सूर्योदयाआधी आणि अंधार पडल्यावर पाहुण्यांना पायवाटेवर नेऊ नकोस. रोज सकाळी राखणदाराला विचारायचं. कन्नडमधला 'आने' म्हणजे हत्ती, एवढा शब्द तरी पाठ ठेव. परदेशी पाहुणे असतील तर त्यांच्या आगमनाची नोंद 24 तासांत ऑनलाइन करावी लागते. ते काम मालकांचं, पण झालंय का हे तू विचार.

पुढच्या वाटेबद्दल. 200 तासांचं प्रमाणपत्र सुरुवात म्हणून पुरेसं आहे. भारतात आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची 'योग वेलनेस इन्स्ट्रक्टर' ही दुसऱ्या पातळीची परीक्षा दे, नंतर तिसरी, शिक्षक आणि मूल्यांकनकर्त्याची. शिकायला अमरावतीतच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, लोणावळ्याला 1924 पासूनचं कैवल्यधाम आहे. उपचारात्मक योग शिकलीस तर शिबिरं नसलेल्या महिन्यांत काम मिळत राहील. आणि चिकमगळूरला जाण्याआधी एक तालीम घरच्या अंगणात करता येईल: महाराष्ट्रातली कॉफी तुझ्याच जिल्ह्यात, चिखलदऱ्याला पिकते. तिथे ओळखीच्या सहा जणांना घेऊन एका मुक्कामाचं शिबिर कर. फॉर्म, दिनक्रम, हिशेब, सगळं खरं. कुठे अडतं ते कळेल.

मालकांना आजच एक लेखी निरोप पाठव. वर्गाच्या जागेचा मोजफीत लावून काढलेला फोटो, चालू प्रमाणपत्र, मानधनाचा आकडा आणि आगाऊ रक्कम, तुझ्या खोलीची आणि रात्रीच्या गाडीची व्यवस्था, रद्द झाल्यास पैशांचा नियम. शिबिराच्या सहा आठवडे आधीपर्यंत पाचही उत्तरं आली नाहीत, तर या डिसेंबरला नाही म्हणून कळव आणि मार्चसाठी पुन्हा बोल.