खेळाचा सायकल टाईम

प्रिय,

परवा कँटीनमध्ये तू म्हणालीस, "सर, तो शेतीचा कॉम्प्युटर गेम, स्टारड्यू व्हॅली, परत टाकला. कॉलेजात असताना पहाटेपर्यंत खेळायचे. आता दोन रात्री उघडला आणि वीस मिनिटांत बंद केला. ते वय गेलं बहुतेक." तेवढ्यात सेकंड शिफ्टचा भोंगा झाला आणि बोलणं तिथेच राहिलं. अंबडच्या कारखान्यातून घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं, म्हणून लिहायला बसलो. सव्विसाव्या वर्षी वयाला दोष देऊन तू एक चांगली गोष्ट हातची सोडावीस, हे मला बघवत नाही.

एक विचारतो. उघडलास तो जुनाच सेव्ह ना, कॉलेजातला साठवून ठेवलेला खेळ?

जुनाच असणार. आपल्याकडे रात्रपाळीच्या माणसाने सेटिंग अर्धवट सोडलं, ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, कुठे लिहिला नाही, कोणतं टूल कुठल्या नंबरला लावलंय त्याचा पत्ता नाही, की सकाळी ते मशीन हाती घेणाऱ्याचं काय होतं ते तू पाहिलंयस. जॉब सोपा असला तरी अंगावर येतो. तुझ्या त्या शेतात तेच झालं. एकोणीस वर्षांच्या मुलीने कोणत्या पेटीत काय भरून ठेवलंय, तळघरात काय मुरत घातलंय, नदीकाठच्या कोपऱ्यात काय लावायचं तिच्या मनात होतं, यातलं तुला आज काहीच आठवत नाही. आपल्याच शेतावर परक्यासारखं उभं राहून लगेच रमायचं, हे कुणालाच जमायचं नाही. तो सेव्ह पुसू नकोस. शाळेच्या वह्या माळ्यावर ठेवतो तसा राहू दे. खेळायला मात्र नवीन शेत घे.

आणि या वेळी सुरुवात न वगळता बघ. एका मोठ्या कंपनीचं ऑफिस, ओळीने टेबलं, त्यातल्या एकावर दमून बसलेला माणूस. तो खण उघडतो आणि आजोबांनी फार पूर्वी हातात दिलेलं बंद पाकीट काढतो. आधुनिक जगण्याच्या ओझ्याखाली जीव अगदी पिचला की मगच उघड, असं आजोबांनी सांगितलेलं असतं. एकोणिसाव्या वर्षी तू बटण दाबून पुढे गेली असशील. तेव्हा त्या टेबलावर बसायची वेळ तुझ्यावर आलेली नव्हती.

म्हणून वयाचं कारण मला पटत नाही. हे गेम ज्यांनी केले त्यांच्याकडे बघ. शेतीच्या खेळांची ही वाट ज्याने पाडली तो 'हार्वेस्ट मून' १९९६ मध्ये जपानात आला. तो करणारे यासुहिरो वादा खेड्याकडचे, कामासाठी टोकियोत आलेले. शहरात राहिल्यावर त्यांना गावाकडचं जगणं किती मोलाचं होतं ते कळलं. 'ॲनिमल क्रॉसिंग'चे कात्सुया एगुची नोकरीसाठी चिबा सोडून क्योटोला गेले. घरची माणसं, मित्र मागे राहिले, त्या एकटेपणातून त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांचा खेळ सुचला. आणि स्टारड्यू करणारा एरिक बॅरोन कॉम्प्युटरची पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याला नोकरी मिळत नव्हती. हात सुधारावा म्हणून त्याने हा गेम लिहायला घेतला, आणि चित्रं, संगीत, प्रोग्राम सगळं एकट्याने करत साडेचार वर्षं घालवली. मधल्या काळात तो एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. २६ फेब्रुवारी २०१६ ला गेम बाहेर आला. घरापासून लांब गेलेल्या, पोटासाठी धडपडणाऱ्या माणसांनी हे खेळ केले आहेत. तुझ्यासारखी, दिवसभर खपून रात्री घरी येणारी मुलगी हीच त्यांची खरी धनी आहे. कॉलेजात तू तिथे जरा लवकर पोचलीस, इतकंच.

मग रमत का नाही? इथे आपला धंद्यातला शब्द कामाला येतो, सायकल टाईम, म्हणजे एक नग पुरा व्हायला लागणारा वेळ. प्रत्येक गेमचा एक सायकल टाईम असतो आणि प्रत्येकाच्या आत एक घड्याळ असतं. कॉलेजात रात्र आपली असते, त्यामुळे ते दिसत नाही. नोकरी लागली, घराची जबाबदारी आली की गेम निवडताना सगळ्यात आधी ते घड्याळ बघावं. चित्रं, गोष्ट, लोकांचं कौतुक, सगळं त्यानंतर.

हे मी फार उशिरा शिकलो, आणि कसं ते तुला सांगायला हवं. २००० च्या सुमाराला कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत आम्ही चौघं 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळायचो. तीन गावकरी, एक घोडेस्वार, दोनशे अन्न, एवढ्यावर साम्राज्य उभं करायचं. तो नाद पुढे नोकरीत सुटला. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा मी हौसेने घेतली आणि इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळू लागलो. समोर खरी माणसं असली की आपल्या सोयीने डाव थांबवता येत नाही. एका रात्री डाव रंगात होता. आतल्या खोलीतून आईने पाणी मागितलं. मी म्हणालो, "थांब, पाच मिनिटं." डाव संपवून उठलो तेव्हा ती भिंत धरत स्वतःच स्वयंपाकघरापर्यंत आली होती. ती काही बोलली नाही. आज ती नाही. ती पाच मिनिटं मला अजून परत करता आलेली नाहीत. त्या रात्रीनंतर, हाक आली की थांबत नाही असा कोणताही खेळ मी घरात खेळलो नाही. 'एज' आजही लावतो, पण एकट्याने, कॉम्प्युटरविरुद्ध.

उलट टोकाला 'सिव्हिलायझेशन'. १९९१ पासून त्याच्या आवृत्त्या निघताहेत आणि सगळ्यांची खोड एकच. आळीपाळीने चाल करायची, घड्याळच नाही, कधीही उठता येतं. म्हणूनच माणूस उठत नाही. एक चाल, अजून एक चाल, करता करता दूधवाल्याची बेल वाजते. तो सुट्टीच्या आदल्या रात्रीसाठी ठेव. 'ॲनिमल क्रॉसिंग'चं घड्याळ तर आपल्या भिंतीवरचंच: आपल्याकडे रात्र तर तिथेही रात्र, तुझ्या घाईसाठी दुकान उघडं राहत नाही. ज्याला रोज दहा-पंधरा मिनिटं ठरल्या वेळी मिळतात त्याला तो फार गोड आहे. पण महिनाभर गेलं नाही की बेटावर तण माजतं, घरात झुरळं होतात आणि शेजारी विचारतात, होतीस कुठे इतके दिवस? मार्चमध्ये ऑडिटच्या धावपळीत असलेल्या मुलीला हा प्रश्न खेळात तरी नको.

आता स्टारड्यूचं घड्याळ मांडून बघ. गेममधली दहा मिनिटं म्हणजे आपले सात सेकंद. सकाळी सहाला दिवस उजाडतो, रात्री दोनला माणूस असेल तिथे कोसळतो. वीस तासांचा दिवस, आपली चौदा मिनिटं. मेनू उघडला की घड्याळ थांबतं. कॉम्प्युटरवर झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, तेव्हा एक दिवस हा एक अख्खा जॉब धर, मध्ये सोडायचा नाही. तुझ्याकडे आठवड्यातून तीनदा पाऊण तास निघतो असं धरलं तर एका बैठकीत तीन दिवस होतात. अठ्ठावीस दिवसांचा ऋतू साधारण तीन आठवड्यांत पार पडतो. कॉलेजात तू एका रविवारी अख्खा ऋतू उडवत होतीस. वीस मिनिटांत तुला काहीच झाल्यासारखं वाटलं नाही, कारण मनात अजून ते रविवारचं माप होतं.

आणि तू महिनाभर गेली नाहीस तरी इथे तण वाढत नाही. सोडलंस त्या सकाळी सगळं तसंच उभं असतं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येऊन तुझं काम तोलतो, त्याची तुला धास्ती होती हे आठवतंय. पसंतीची खूण म्हणून पेटणाऱ्या चार मेणबत्त्यांपैकी कमी पेटल्या तर नंतर कधीही त्यांच्या समाधीवर हिरा ठेव, ते पुन्हा येऊन बघतात. हवं तितक्यांदा. परीक्षेची इतकी माया मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिली नाही.

मी स्वतः तिथे द्राक्षं लावतो. दिंडोरीकडे मामाची बाग आहे, लहानपणाचे सगळे मे महिने तिथे गेले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डावणी आणि भुरी या रोगांच्या भीतीने रात्री आभाळाकडे बघत बसलेला मामा. छाटणीपासून माल उतरेपर्यंत चार-साडेचार महिने त्याला नीट झोप नसायची, आणि तोडणीच्या आठवड्यात अवकाळी आला की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. स्टारड्यूत शरद ऋतूच्या पहिल्या दिवशी रोप लावलं की दहा दिवसांत घड येतात, पुढे दर तीन दिवसांनी. पाऊस आला की काळजी नाही, उलट त्या दिवशी पाणी घालायचं वाचतं. कुणी म्हणेल, हे खोटं शेत. मला तसं वाटत नाही. पावसाचा आवाज ऐकून द्राक्षाच्या मांडवाखाली नुसतं आनंदाने उभं राहावं, एवढं मामाला आयुष्यात कधी मिळालं नाही. मी ते त्याच्या वतीने करतो. (ओळी लावताना मध्ये वाट सोड. मांडवाच्या पिकातून तिथे चालता येत नाही.)

तुझ्याबद्दल मला एकच भीती आहे. तू कारखान्याच्या प्रोसेस विभागात आहेस. दिवसभर एकेक सेकंद वाचवायचा तुझा हात बसलाय. घरी येऊन तू कोणत्या पिकाला दिवसाला किती पैसे सुटतात याचा तक्ता करशील, तो बरोबरही येईल, आणि महिन्याभरात ते शेत अंबडचा कारखाना होऊन बसेल. तक्ता करण्यातच जीव रमत असेल तर जरूर कर. पण एखाद्या दिवशी नुसतं समुद्रावर जाऊन मासे धर, बुधवारी त्या गावातल्या पिएरचं दुकान बंद असतं हे विसरून तिथवर जा आणि येताना वाटेतल्या माणसांशी बोल.

मोबाईलवर खेळू नकोस, एवढं ऐक. गेम तिथे चांगला चालतो, पण त्याच काचेवर आपला कामाचा ग्रुप आहे, आणि रात्री साडेनऊला कुणीतरी रिजेक्ट झालेल्या मालाचा फोटो टाकतोच. लॅपटॉपवर खेळ, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. घरच्यांना सांगून बस. चोरून खेळलेल्या पाऊण तासात अर्धा वेळ कान दाराकडे असतात. आणि आईने हाक मारली तर मेनू उघड.

बंद करताना दोन ओळी लिहून ठेव, पुढच्या शिफ्टच्या माणसासाठी लिहितो तशा. पुढची शिफ्ट कदाचित महिन्याने लागेल. मी जुन्या सेटिंग शीटच्या कोऱ्या बाजूला लिहितो, तसा एक गठ्ठा तुझ्या टेबलावर ठेवलाय. माझ्या कालच्या कागदावर एवढंच आहे: "शरद १०. पाऊस होता, पाणी घातलं नाही. घराजवळच्या पेटीत पिंपासाठी लाकूड. उद्या द्राक्षं."